मदत हवी आहे: बास प्रोसेसरला सिग्नल कुठून द्यावा?

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. गाडीत बाहेरून बसवलेलं हेड युनिट (डॅशबोर्डवरचा म्युझिक सिस्टीम), दारांच्या स्पीकरना चार चॅनेलचा अ‍ॅम्प आणि सबवूफरला वेगळा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प) आहे. बाबांची जुनी नाट्यगीतं लावली की डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून बास प्रोसेसर घेतला.

हा प्रोसेसर वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांवरून) खालचा हरवलेला बास तयार करतो. म्हणजे त्याला पूर्ण सिग्नल हवा. पण हेड युनिटच्या सब आउटवर (सबवूफरसाठीच्या आउटपुटवर) ८० हर्ट्‌झचा लो पास (त्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) लावलेला आहे, तिथून दिला तर त्याला काम करायला उरतं काय? म्हणून फ्रंट आरसीए (पुढच्या स्पीकरसाठीचा सिग्नल आउटपुट) वाय केबलने फोडून एक जोडी प्रोसेसरमधून मोनोब्लॉकला द्यावी आणि लो पास अ‍ॅम्पवरच ठेवावा, असं वाटतं. मात्र मग हेड युनिटवरून सबचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येणार नाही. की सब आउटचा फिल्टरच बंद करू?

दुसरं, हेड युनिटच्या निळ्या-पांढऱ्या रिमोट वायरवर (अ‍ॅम्प चालू करायचा इशारा देणाऱ्या) आधीच दोन अ‍ॅम्प आहेत. आता तिसऱ्यासाठी, म्हणजे प्रोसेसरसाठी, रिले (विजेवर चालणारा स्विच) लावावा का?

सियागंजातला फिटर प्रोसेसरची अर्थिंगची वायर डॅशबोर्डमागेच द्या म्हणतो. मला ती अ‍ॅम्पच्याच अर्थिंगच्या बोल्टवर हवीय, नाहीतर आवाजात अल्टरनेटरची शिट्टी घुसेल. बरोबर ना? इंदुरात हे काम मन लावून करणारं कुणी माहीत असेल तर जरूर सांगा.