पुण्या-मुंबईनं नागपूरचं केलं, तेच नागपूर अमरावतीचं करून राहिलं का?

मानेवाड्याची सून
माहेर अमरावतीचं, सासर नागपूरचं, लग्नाला १९ वर्षं झाली. दोन्हीकडची बोलणी खायची सवय आहे, तेव्हा मनात येईल ते लिहा.

रविवारी भाऊ आला होता. जेवताना आमच्या ह्यांनी नेहमीची टेप लावली. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशाची राजधानी होतो, विदर्भाला न्याय्य वाटा कबूल करणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारावर विसंबून महाराष्ट्रात आलो, आणि पदरात काय पडलं? डिसेंबरातलं दोन आठवड्यांचं अधिवेशन आणि मोर्चांपायी तुंबलेली सीताबर्डी. भाऊ खाली मान घालून वरण-भात कालवत होता. शेवटी म्हणाला, "भाऊजी, यातलं मुंबई खोडा अन् नागपूर लिहा, नागपूर खोडा अन् अमरावती लिहा. मग मी खाली सही करतो."

हे हसले. मला मात्र ते बोलणं दोन दिवस टोचत राहिलं.

सरकारी मेडिकल कॉलेज नागपूरला १९४७ मध्ये आलं, अमरावतीला २०२४ मध्ये. एम्स नागपूर विमानतळालगतच्या मिहान या उद्योग प्रकल्पात, आयआयएमही मिहानमध्ये. मेट्रोचा पहिला टप्पा धावतोय, बुटीबोरी-कन्हानपर्यंतचा दुसरा मंजूर झालाय. अमरावतीच्या बेलोऱ्यावरून मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली एप्रिल २०२५ मध्ये. तोवर विमान पकडायचं तर १५० किलोमीटरवरचं नागपूरचं सोनेगाव विमानतळ. हायकोर्टाचं काम निघालं की तेही नागपूरच. आणि कोणी कुरकुर केली की आपण नागपूरकर काय म्हणतो? "तुमच्यात धमक नाही." "पोरांना इकडे पाठवा ना, अडीच तासांवर तर आहे." हीच वाक्यं एखाद्या पुणेकरानं नागपूरबद्दल काढली की आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बर्डीचा रहिवासी
ताई, भावाचं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण हिशेबात बसत नाही. नागपूर कोणी पंप लावून फुगवलेलं नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन लोहमार्ग इथं एकमेकांना छेदतात. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल मुंबई सोडून इथं काढली ती भोसल्यांच्या प्रेमाखातर नाही. कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे दारात. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं होतं, अमरावती साडेसहा लाखांची. तिथं मेट्रो नेऊन काय राजकमल चौकाला प्रदक्षिणा घालायची?

एम्ससारखी संस्था गावागणिक निघत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, वर आणखी छिंदवाडा, बालाघाट, सगळ्यांना गाठता येईल अशा जागीच निघते. नकाशा उघडा आणि ती जागा कोणती ते पाहा.

अंबानगरीकर
उघडला नकाशा. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली ती अमरावतीबाहेरच्या बडनेऱ्यावरून. अमरावती तेव्हा कापसाची नामांकित पेठ, तरी तिच्या वाट्याला आला फाटा. दीडशे वर्षांनी समृद्धी महामार्ग आला. धामणगाव, चांदूर, नांदगाव खंडेश्वर करत जिल्ह्याच्या खालच्या अंगानं निघून गेला. शहर पुन्हा बाजूलाच. जमिनी मात्र जिल्ह्याच्या गेल्या.

दुखणं जुनं आहे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला. काळी माती वऱ्हाडची, कापूस वऱ्हाडचा, शेतसारा वऱ्हाडचा; कचेऱ्या आणि सचिवालय नागपूरला. आमचा पैसा नागपुरात मुरतो ही वऱ्हाडातली ओरड इंग्रजांच्या काळातली आहे. तुम्ही मुंबईच्या नावानं बोटं मोडायला लागलात ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

सगळ्यात झोंबतं ते अनुशेषाचं, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाच्या थकबाकीचं. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष मोजून दिला, तेव्हापासून "विदर्भाचा अनुशेष" म्हटलं की नागपूरचे पुढारी बाक बडवायला तयार. सिंचनाचा अनुशेष शेवटपर्यंत उरला कुठं? अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम. म्हणजे मुंबईला जखम आमची दाखवायची आणि मलम मिहानला चोपडायचं. २०२० मध्ये विकास मंडळांची मुदत संपली, आता तर मोजणाराही नाही.

बर्डीचा रहिवासी
जखमेचं मान्य, उगाच कशाला वाद घालू. पण सत्ता जवळ असली की गाव सुधारतं हे गणित मला पटत नाही. तसं असतं तर पुसद आज कुठं असतं? वसंतराव आणि सुधाकरराव नाईक, दोन मुख्यमंत्री त्या एका तालुक्यानं दिले. वसंतराव तर ११ वर्षांहून जास्त खुर्चीवर होते. आणि प्रतिभाताई पाटील तुमच्याच खासदार होत्या, पुढे राष्ट्रपती झाल्या. बेलोऱ्याची धावपट्टी वर्षानुवर्षं रखडली ती काय आम्ही वाडी नाक्यावर अडवून धरली होती? तुमच्याच लोकांनी एकमेकांचे पाय ओढले.

धंतोलीतला भाडेकरू
मी या बाजूचाही नाही, त्या बाजूचाही नाही. मी पार्किंगच्या बाजूचा.

धंतोलीत, म्हणजे नागपूरच्या दवाखान्यांच्या वस्तीत, राहणाऱ्याला विदर्भाचा नकाशा लागत नाही. सकाळी फाटक उघडायचं आणि नंबरप्लेटा वाचायच्या. एमएच २७ अमरावती, २९ यवतमाळ, ३२ वर्धा, ३४ चंद्रपूर, ३६ भंडारा. प्रत्येक गाडीत एक पेशंट, दोन नातेवाईक आणि एक फाइल. परवा एक एमएच २७ बरोब्बर आमच्या फाटकाला चिकटून. मी तणतणत गेलो, काका, गाडी जरा पुढे घ्या. काकांनी काही न बोलता मागचं दार उघडलं. आत आजी आडव्या झोपलेल्या, पाय प्लास्टरमध्ये, उशाशी एक्स-रेचं मोठं पाकीट, पाकिटावर जेवणाचा डबा. एक पोरगी त्यांना पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

गाडी तिथंच राहिली. मी ऑटोनं ऑफिसात गेलो. बर्डीवाले साहेब, "सगळ्यांना गाठता येईल अशी जागा" म्हणजे नेमकं कोणाचं फाटक, ते एकदा येऊन पाहून जा.

बडनेरा जंक्शन
त्या गाडीत आम्हीही असू शकलो असतो. आमच्याकडे गाडी नव्हती एवढाच फरक.

बाबांच्या किमोसाठी आठ महिने नागपूर केलं. पहाटे पाचची बस. मोझरी, तिवसा गेलं की तळेगावच्या घाटात बाबांना मळमळायचं, म्हणून माझ्या एका खिशात लवंगा, दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी. एकदा एवढं करून दवाखान्यात पोहोचलो तर स्कॅनचं मशीन बंद. आदल्या दिवशी एक फोन केला असता तर? काउंटरवरची मुलगी म्हणे, "मग उद्या या ना." उद्या या! जसे आम्ही मागच्या गल्लीतून चपला सरकवत आलो होतो. परतीच्या बसमध्ये बाबा म्हणाले, "मोठ्या शहराचं मशीन आहे बाप्पा, साहेबासारखं रजेवर जाते."

तेव्हा अडीच तासांवर, अडीच तासांवर हे जरा कमी म्हणा. धडधाकट माणसाचे अडीच तास वेगळे.

चंद्रपूरचा माणूस
२९२० मेगावॉटचा धूर आमच्या नाकात आणि त्या विजेच्या उजेडात तुम्ही दोघं भांडून राहिले. भांडा, भांडा. लाइट गेली तर सांगा.

पुणे रिटर्न
मूळ तुलनाच चुकली आहे, म्हणून लिहितोय.

मिहान हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा शाळेत होतो. आता इथंच नोकऱ्या, आता कशाला बाहेर जायचं, असं घरोघरी चाललं होतं. मग इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत १२ वर्षं गेली, लग्न झालं, पोरगी झाली. परत आलो तो मिहानमुळे नाही, घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून. आमच्या टीममध्ये नागपूरची पाच पोरं होती आणि अमरावतीची तीन. त्या तिघांपैकी एकानंही आधी नागपुरात नोकरी शोधली नव्हती. अमरावतीच्या राजापेठहून रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसले ते थेट पुण्यात उतरले.

म्हणून म्हणतो, नागपूर अमरावतीला खात नाही, खायची त्याची ऐपतच नाही. आज जे थोडंफार आहे ते अर्धं इकडे, अर्धं तिकडे वाटलं तर दोन्ही गावं अर्धवट राहतील आणि ट्रॅव्हल्सवाल्यांचं फावेल. आधी एक शहर तरी असं उभं राहू द्या की अकोल्याच्या पोराला पुणे आठवायला नको.

मानेवाड्याची सून
तुमचं सगळं खरं मानलं, तर मग आपण पुण्याहूनही वाईट निघालो की! पुण्यानं आपली पोरं नेली, पण पगार तरी दिला. आपण अमरावतीच्या वाट्याच्या संस्था घेऊन बसलो आणि पोरांना म्हटलं, जा पुण्याला. "आधी एक शहर उभं राहू द्या" हे तर मुंबईवाले ६० वर्षं म्हणत आलेत. आपल्याला ते कधी पटलं होतं?

बर्डीचा रहिवासी
ताई, हे लागलं. मेट्रोबद्दल माझं मत तेच आहे, पण हे लागलं.

भांडेवाडी
तुम्ही नागपूर-नागपूर म्हणता ते नेमकं कोणतं? धरमपेठ, लक्ष्मीनगर की आमचं? अख्ख्या शहराचा कचरा आमच्या दारात पडतो. अख्ख्या शहराचं सांडपाणी आमच्याकडे येतं, शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, आणि त्याचं कौतुक मात्र शहराच्या नावावर. उन्हाळ्यात डम्पिंग यार्ड पेटलं की दोरीवरचे कपडे आत घ्यायचे, खिडक्या लावायच्या आणि कूलर बंद ठेवायचा, कारण तो धूरच आत ओढतो. मे महिन्यात, नागपुरात, कूलर बंद. करून पाहा एक दुपार.

अमरावतीला काय द्यायचं ते द्या बापा. पण पश्चिम नागपूरनं पूर्व नागपूरला काय दिलं याचा पण एक धागा काढा कोणी.

वरुडचा बागायतदार
अमरावतीवाले भाऊ लय पोटतिडकीनं बोलून राहिले म्हणून म्हटलं आपणही दोन शब्द टाकावं.

संत्रा आमचा, नाव नागपूरचं. भौगोलिक मानांकन घेतलं तेही नागपुरी संत्रा म्हणून. संत्र्याचं संशोधन करणारी केंद्राची मोठी संस्था नागपूरले. आता गंमत पाहा, ते नागपुरात हाय कुठी? अमरावती रोडवर! म्हंजे रस्त्याच्या पाटीपुरती अमरावती धरली त्याइनं. तुकडोजी महाराज आमच्या जिल्ह्याचे, जन्म यावलीचा, आश्रम मोझरीले, अन् त्याइचं नाव नागपूरच्या विद्यापीठाले. याच्यावर आमचं काई म्हणणं नाई, महाराज सगळ्याइचे हायेत. संत्रा पण सगळ्याइचा हाय, फक्त भाव पडला की तो एकट्या वरुडचा होते. बांगलादेशानं आयातशुल्क वाढोलं तवा नागपूरचा कोणी रडाले आला नाई.

पण अंबानगरीकर भाऊ, तुमी बी लय सोवळे नोका बनू. अप्पर वर्धाचं धरण सिंभोऱ्याले, मोर्शी तालुक्यात. पाणी पेते अमरावती शहर. नांदगाव पेठचा १३५० मेगावॉटचा वीज प्रकल्प आला, त्यालेही पाणी त्याच धरणाचं. शेतकरी रस्त्यावर उतरले तवा अमरावती शहरातले किती जन आले सोबत? अन् आमी वरुड-मोर्शीवाले डार्क झोनमंधी, म्हंजे जमिनीखालचं पाणी लय उपसलेल्या भागात. माया वावरात बोर ७०० फूट गेला, वर आला फक्त फुफाटा. बायको म्हणे, आता बंद करा, पाताळात कोणाची झोपमोड होईन.

मले इचारसान तर वरुडहून नागपूर अन् वरुडहून अमरावती, एस्टीत बसलं की सारखाच जीव जाते. दोघंही आमाले फाइल घेऊन उभं ठेवते.

अंबानगरीकर
सिंभोऱ्याचं खरं आहे. नळ उघडताना ते कधी डोक्यात येत नाही, हेही खरं.

पुणे रिटर्न
आता सिंभोऱ्याचा कोणी येईल आणि म्हणेल, वरुडवाल्यांनी आमचं काय केलं.

वरुडचा बागायतदार
येऊ द्या ना, चहा पाजू. मानेवाड्याच्या ताई, तुमचं माहेर आमच्या जिल्ह्याचं, पत्ता कळवा. आंबिया बहाराचा संत्रा तोडाले आला की एक पेटी धाडतो, वरतून मोठ्या अक्षरात वरुड लिहून. एवढं करजा, पेटी सिद्दी घरीच उतरवून घेजा. नागपूरच्या कळमना बाजारात उतरली की ते नागपुरी होते.