मदत हवी आहे : युदों की बोल्यो? क्वेबेकमधल्या घराण्याचा माग

नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाई फ्रेंच-कॅनेडियन, माहेर क्वेबेकमधल्या कामुरास्का भागातलं. वय ८४. त्यांच्या डोळ्यांदेखत वंशावळ पूर्ण करायची माझी फार इच्छा आहे.

गाडं अडलंय ते 'दी' नावापाशी. 'दी' म्हणजे आपलं 'उर्फ'. युदों दी बोल्यो असं जोडनाव, मग एका पिढीत फक्त युदों, पुढच्या पिढीत फक्त बोल्यो. सख्खे भाऊही वेगवेगळी आडनावं लावतात. त्यात बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुतेक मुलांच्या नावाआधी जोसेफ आणि मुलींच्या मारी, त्यामुळे रोजचं हाकेचं नाव कोणतं हे कळत नाही.

बायकांचा माग मात्र सोपा, याचं मला खूप अप्रूप वाटलं. चर्चच्या वह्यांमध्ये बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावानेच दिसते आणि लग्नाच्या नोंदीत सहसा दोन्हीकडचे आईवडील असतात. आपल्याकडे पणजीचं माहेर शोधताना किती हाल होतात!

माँट्रियल विद्यापीठाच्या संग्रहात १६२१ ते १८४९ पर्यंतच्या नोंदी पाहिल्या. खरा गुंता त्यानंतरचा. एक शाखा मॅसॅच्युसेट्सच्या लोवेलला कापड गिरण्यांत गेली. तिकडे फ्रेंच आडनावांची थेट इंग्रजी भाषांतरं झाली, रुआचे (म्हणजे राजा) किंग, बुआव्हेरचे (म्हणजे हिरवं रान) ग्रीनवुड झाले, तसं बोल्योचं काय झालं असेल?

नोटरीकडचे विवाहकरार कुणी वाचलेत का? दोन आडनावांचा माणूस एकच, हे त्यांवरून ठरवता येतं का? आणि जुनं फ्रेंच हस्ताक्षर वाचता येणारं कुणी आहे का इथे? दोन पानं वाचून मिळाली तरी मोठं काम होईल.