स्विमिंग पूलचं पाणी हिरव्याचं पांढरं झालं, आता काय करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. नागपूरच्या बेसा भागात आमच्या सोसायटीचा साधारण ६०,००० लिटरचा पूल आहे, भरतो बोअरच्या पाण्याने. मध्यंतरी मोटर बंद पडली आणि मेच्या उन्हात पाणी पार शेवाळलं. देखभालवाला भर दुपारी क्लोरीन टाकायचा. नागपूरच्या उन्हात त्यातलं उरणार किती!

मग दिवस मावळल्यावर ६५ टक्केवाली क्लोरीन पावडर, १० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीनच्या) हिशोबाने किलोला थोडी कमी, पाण्याच्या बादलीत कालवून सगळीकडे सोडली. फिल्टर रात्रभर चालू. सकाळी हिरवेपणा गेला, पण पाणी अगदी ताकासारखं. शिडीची दुसरी पायरीही दिसत नाही. किटवर पीएच ८ च्या आसपास.

हे मेलेलं शेवाळ की बोअरचा क्षार? ग्लासभर पाण्यात दोन थेंब ॲसिड टाकलं तर बरंच निवळलं, म्हणून मला क्षाराचाच संशय येतो. आधी ॲसिडने पीएच ७.४ पर्यंत आणू, की आधी सँड फिल्टर बॅकवॉश करू (उलटं पाणी सोडून साफ करू)? तुरटी टाका म्हणणारे तर जिन्यात भेटेल तो प्रत्येक जण आहे. कुणी पूलमध्ये खरंच वापरली आहे का? आणि सायन्युरिक ॲसिड (क्लोरीन उन्हात टिकवणारं रसायन) तपासायचं किट नागपुरात कुठे मिळेल?