शब्दचर्चा: पोलिसांच्या मदतीला लष्कर – ‘कुमक’, ‘पाचारण’ की ‘तैनात’?

विचारणा: मुंबईच्या दैनिकासाठी सीमासुरक्षेच्या बातम्या मराठीत आणताना ‘लष्कराची कुमक’, ‘लष्कराला पाचारण’, ‘लष्कराचा बंदोबस्त’ हे प्रयोग सरमिसळ येतात. अर्थात फरक आहे का?

उत्तर: आहे, आणि तो हुकूम कोणाचा यात आहे. ‘कुमक’ मुळात तुर्की, आपल्याकडे फारसीतून आला. आधीच झुंजणाऱ्या तुकडीला मिळालेली जादा माणसे म्हणजे कुमक. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीला हा शब्द चपखल बसतो. लष्कराला बसत नाही, कारण ते पोलिसांच्या हाताखाली जात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 149 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले 130) पाहा: जमाव एरवी पांगत नसेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला, जागेवर हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला बोलावतो. जमाव कसा पांगवायचा हे मात्र लष्करी अधिकारी ठरवतो, तेही कमीत कमी बळ वापरून. हे खरे ‘पाचारण’. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल, तर कलम 150 खाली लष्करी अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो; तिथे ‘पाचारण’ लिहिणे चूक.

‘बंदोबस्त’ पोलिसांकडेच राहू द्या. हुकूम कोणाचा ते बातमीत नसेल, तर ‘तैनात’ लिहा.

पुरवणी: त्याआधीची चूक म्हणजे सीमा सुरक्षा दलाला ‘लष्कर’ म्हणणे. 1965 साली उभे राहिलेले हे दल गृह मंत्रालयाखाली आहे. एनएसजी (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक) हीही गृह खात्याचीच, जरी तिचे बरेच कमांडो लष्करातून प्रतिनियुक्तीवर येतात. 26/11 ला मुंबईत नौदलाचे ‘मार्कोस’ कमांडोही उतरले होते, म्हणून सरसकट ‘लष्करी कमांडो’ लिहू नये. तटरक्षक दल उलट संरक्षण मंत्रालयाखाली आहे. त्याला ‘निमलष्करी’ म्हणणे टाळा.

विचारणा: आणि ‘हद्द’?

उत्तर: मुंबईत ‘हद्द’ म्हटले की पोलीस ठाण्याचा इलाखा डोळ्यांपुढे येतो. 2021 मध्ये पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसामात सीमा सुरक्षा दलाचा सीमेपासूनचा कारवाईचा पट्टा 50 किलोमीटर झाला. त्याला ‘हद्द वाढली’ म्हटले, की तिथली पोलीस ठाणीच दलाकडे गेली असे वाटते. दल झडती, जप्ती, अटक करू शकते, तपास पोलिसांचाच. ‘अधिकारक्षेत्र’ लिहा. ‘सरहद्द’ आणि ‘सीमा’ जमिनीवर ठीक, समुद्रात ‘प्रादेशिक सागर’ म्हणजे किनाऱ्याच्या आधाररेषेपासून 12 सागरी मैल, सुमारे 22 किलोमीटर.

पुरवणी: समुद्रावरच्या बातमीत क्रियापदेही सांभाळा. मार्च 2024 मध्ये नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ या युद्धनौकेने 35 सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ‘स्वाधीन’ केले. ‘सुटका’ ओलिसांची, ‘जप्ती’ बोटीची किंवा हत्यारांची, ‘स्वाधीन’ माणसाला. ‘पोलिसांकडे जमा’ हे मुद्देमालासाठी. माणसांना लावू नये.