मदत हवी आहे: स्पॅनिश वाक्यात आघात एक अक्षर पुढे का ऐकू येतो?

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि गेली दोन वर्षे स्पॅनिश शिकत आहे. सध्या देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या बी-वन, म्हणजे मध्यम, पातळीची तयारी चालू आहे. वाचन-लेखन बऱ्यापैकी जमते; श्रवणात मात्र एक चूक इतक्या सातत्याने होते की ती निव्वळ निष्काळजीपणाची नसावी.

स्पॅनिशमध्ये आघात, म्हणजे बोलताना शब्दातल्या एका अक्षराला दिलेला उठाव, कोणत्या अक्षरावर पडतो यावर अर्थ बदलतो. 'तेर्मिनो' हा शब्द घ्या: आघात पहिल्या अक्षरावर असेल तर 'शेवट' किंवा 'पारिभाषिक शब्द', दुसऱ्यावर असेल तर 'मी संपवते', आणि तिसऱ्यावर असेल तर 'त्याने संपवले'. लिहिताना पहिल्या आणि तिसऱ्या रूपात त्या स्वरावर तिरकी रेघ येते, त्यामुळे कागदावर गोंधळ होत नाही.

सुटे शब्द ऐकवले तर मी सहसा चुकत नाही. पण गेल्या आठवड्यात श्रुतलेखनात 'तेर्मिनो ला कार्ता इ साल्गो' हे वाक्य आले. अर्थ होता 'पत्र संपवते आणि निघते'. मी लिहिले 'त्याने पत्र संपवले आणि मी निघते'. ध्वनिफीत पाच वेळा पुन्हा ऐकली आणि पाचही वेळा मला 'नो'वरच आवाज उंचावलेला ऐकू आला. 'आब्लो'चेही तेच: 'मी बोलते' असे म्हटलेले असताना मला 'तो बोलला' ऐकू येते. चूक नेहमी एकाच दिशेने होते, म्हणजे आघात जिथे असतो त्याच्या पुढच्या अक्षरावर मला तो जाणवतो.

एक शंका स्वतःच्या सवयीबद्दलही आहे. मी सुरुवातीपासून उच्चार देवनागरीत टिपून ठेवते. 'मी संपवते' साठी 'तेर्मीनो' असे दीर्घ लिहिले की भागते, पण 'ए' आणि 'ओ' यांना आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ अशा दोन खुणाच नाहीत, म्हणून उरलेली दोन्ही रूपे वहीत 'तेर्मिनो' अशीच उतरतात. शुद्धलेखनाच्या धाकात वाढलेल्या माणसाने ऱ्हस्व-दीर्घाचा आधार शोधावा हे स्वाभाविक आहे, पण त्यामुळेच माझा कान चुकीच्या गोष्टीकडे लागतो आहे का? स्पॅनिश मातृभाषा असलेली माणसे नेमके काय ऐकून आघात ओळखतात, हे कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

आपल्या कानात दोष नाही. 'नो'वर आवाज खरोखरच उंच असतो. स्पॅनिशच्या साध्या विधानार्थी वाक्यात, शब्द वाक्याच्या शेवटी नसेल तर, आवाजाची पट्टी आघाताच्या अक्षरावर चढू लागते, पण तिचा कळस बहुधा पुढच्या अक्षरावर येतो. सुटा शब्द किंवा वाक्याचा शेवटचा शब्द असेल तर कळस आघाताच्या अक्षरातच बसतो. आपण सुट्या शब्दांवर कान तयार केला आणि परीक्षा वाक्यांत दिली, इतकेच झाले आहे. तेव्हा आवाज सर्वांत उंच कुठे गेला हे न पाहता चढ कुठून सुरू झाला ते ऐका.

पट्टी एकटी पुरेशी नसते. बार्सिलोनातील संशोधकांनी आघाताने अर्थ बदलणारे 'तेर्मिनो'सारखे तिहेरी शब्द घेऊन ध्वनिमुद्रणात पट्टी, कालावधी आणि जोर वेगवेगळे बदलून पाहिले, तेव्हा केवळ पट्टी बदलून श्रोत्यांना आघात हललेला जाणवला नाही. तिला कालावधीची किंवा जोराची साथ लागली. प्रश्नार्थक वाक्य हा तर याचा सरळ पुरावा आहे: माद्रिदच्या बोलीत हो-नाही उत्तराच्या प्रश्नात शेवटच्या आघाताच्या अक्षरावर आवाज खाली असतो आणि नंतर चढतो, तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. म्हणून ऱ्हस्व-दीर्घाकडे कान देण्याची आपली सवय मोडू नका. वहीतली खूण मात्र बदला आणि आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढा.

आघात ओळखणे फ्रेंच भाषकांनाही जड जाते, पण त्यांची अडचण आपल्यापेक्षा वेगळी आहे. फ्रेंचमध्ये आघाताने शब्दार्थ बदलत नाही. १९९७ साली फ्रेंच संशोधक दुपू आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फ्रेंच श्रोत्यांना केवळ आघाताने वेगळे असलेले शब्द लक्षात ठेवून ताडणे, विशेषतः ते वेगवेगळ्या आवाजांत ऐकवल्यावर, स्पॅनिश श्रोत्यांपेक्षा बरेच जड गेले. एकाच आवाजातले दोन शब्द लागोपाठ ऐकवले की त्यांनाही फरक कळत होता. यातून आपल्यासाठी घेण्यासारखे एवढेच की सराव एकाच शिक्षिकेच्या आवाजावर करू नये.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे तीच फीत पुन्हा लावली. 'नो'वरचा उंच आवाज अजूनही आधी कानात भरतो, पण चढ 'मि'पासून सुरू होतो आणि 'मि' थोडा रेंगाळतो, हे तिसऱ्या खेपेला स्पष्ट जाणवले. आता 'त्याने पत्र संपवले' हे वाक्य त्याच आवाजात मुद्रित करून मागितले आहे, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतील. मेक्सिको किंवा अर्जेंटिनातील कोणी परिचित अशी दोन वाक्ये बोलून पाठवू शकत असेल, तर कृपया इथेच कळवावे.