मदत हवी आहे: आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी कोणता कोअर घ्यावा? (जरा तातडीने)

ध्वनिवेडा
नमस्कार मंडळी. ईएल८४ या व्हॉल्व्हवर (काचेच्या नळीवर) स्टिरिओ अँप बांधलाय. गाणाऱ्याचा आवाज सुरेख येतो, पण खर्ज नाही. डग्गा नुसता टपटप वाजतो आणि व्हॉल्यूम जरा वाढवला की फाटतो. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधले आउटपुट ट्रान्सफॉर्मर इथल्याच एका वाइंडरकडून करून घेतले होते, त्याने कोअरला (तारेच्या गुंडाळीतल्या गाभ्याला) साधं सीआरजीओ, म्हणजे नेहमीचा सिलिकॉन पोलादाचा पत्रा, घातलंय. आता नवीन कोअर मागवतोय. निकेल, अमॉर्फस की नॅनोक्रिस्टलाइन? शुक्रवारपर्यंत विक्रेत्याला कळवायचंय. कृपया नेमकं सांगा.

रेडिओकाका
सिंगल एंडेड (एकाच व्हॉल्व्हवर चालणारा) आहे की पुश-पुल (व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणारा)? प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) किती ओहमची? वेढे किती? कोअरची मधली जीभ किती रुंद, पट्ट्यांचा थर किती जाड? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सूक्ष्मस्वर
निकेल. डोळे झाकून. माझ्या माइक प्रीअँपमध्ये ८० टक्के निकेलचा इनपुट ट्रान्सफॉर्मर आहे. तानपुऱ्याची जवारी जशी त्यातून ऐकू येते तशी सीआरजीओतून मी कधी ऐकली नाही.

तांब्याची तार
माइकच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मिलिव्होल्ट असतात हो. ८० टक्के निकेल ०.७५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकत्वाचं माप) आसपास तुडुंब भरतं, म्हणजे सॅच्युरेट होतं, आणखी चुंबकत्व त्यात मावत नाही. सिंगल एंडेड असेल तर तिथे अखंड डीसी वाहतो, गाणं सुरू व्हायच्या आधीच अर्धा कोअर त्यात खर्ची पडतो.

ध्वनिवेडा
सिंगल एंडेडच आहे, चॅनेलला एकच ईएल८४, ८ ओहमचे स्पीकर. पण माझा प्रश्न मटेरियलचा आहे.

सूक्ष्मस्वर
मग ५० टक्के निकेल घ्या. ते दीड टेस्लापर्यंत जातं. सगळं निकेल एका मापाने मोजू नका.

इसारकाठ
मी म्युनिकहून लिहितेय. माझ्या ३००बी व्हॉल्व्हच्या अँपला अमॉर्फस सी-कोअर आहेत, २६०५एसए१ या मिश्रधातूची फीत. जाडी जेमतेम ०.०२५ मिमी, त्यामुळे वरच्या पट्टीत एडी करंटचा (पत्र्यातच घुमणाऱ्या प्रवाहांचा) तोटा फार कमी. सॅच्युरेशन १.५६ टेस्ला. नॅनोक्रिस्टलाइनचं १.२ च्या आसपास, म्हणून सिंगल एंडेडला मी ते टाळलं. मात्र सी-कोअरचे दोन अर्धे जिथे टेकतात तिथली फट नीट साधावी लागते, माझे दोन रविवार त्यातच गेले. तुमचे थर कसे रचले आहेत?

घरगुती
आधी कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात आवाज नेणारे) बदलून बघा. माझ्या अँपमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचे होते, ०.२२ चे घातल्यावर खर्ज आला.

ध्वनिवेडा
कपॅसिटर ०.२२ चेच आहेत. थर कसे रचतात म्हणजे? पट्ट्या घालतात तशा घातल्या आहेत.

जुनी मर्फी
आमच्या घरी मर्फीचा रेडिओ होता. त्यात इवलासा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आगपेटीपेक्षा थोडा मोठा. त्यावर विविध भारती ऐकत सगळं बालपण गेलं. त्या आवाजात खर्ज नव्हता, पण ऊब होती. रेडिओ अजून माळ्यावर आहे. त्याचा ट्रान्सफॉर्मर वापरून बघता का?

रेडिओकाका
ताई, रेडिओ जपून ठेवा, त्यातलं काही काढू नका.
ध्वनिवेडा, मी विचारलेले आकडे द्या. शिवाय कॅथोड रेझिस्टर केवढा, त्यावर किती व्होल्ट येतात, आणि एलसीआर मीटर असेल तर प्रायमरीचं इंडक्टन्स (गुंडाळी बदलत्या प्रवाहाला किती अडवते त्याचं माप; ते कमी पडलं की खर्ज जातो).

ध्वनिवेडा
घ्या. प्रायमरी ३००० वेढे, ५.२ के. जीभ २५ मिमी, थर २८ मिमी. कॅथोडला १३० ओहम, त्यावर ७ व्होल्ट. इंडक्टन्स १०० हर्ट्झवर ८० हेन्री. ८० म्हणजे भरपूरच ना? म्हणूनच म्हणतोय की पत्राच हलका असणार.

रेडिओकाका
ते ८० हेन्रीच तुमचं दुखणं सांगतंय. मीटर मोजतो तेव्हा वाइंडिंगमधून डीसी जात नसतो. कोअरला फट नसेल तरच बिनाडीसी एवढं इंडक्टन्स दिसतं. तुमच्या वाइंडरने मेन्स ट्रान्सफॉर्मरसारख्या ई आणि आय आकाराच्या पट्ट्या एका आड एक उलटसुलट घातल्यात, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

आता हिशेब बघा. ७ भागिले १३० म्हणजे ५४ मिलिअँपिअर, त्यातले व्हॉल्व्हच्या स्क्रीन जाळीचे पाच-सहा वजा केले की प्लेटचे, म्हणजे प्रायमरीतून जाणारे, ४८. गुणिले ३००० वेढे, भागिले चुंबकीय वाटेची सुमारे १५ सेंमी लांबी: मीटरमागे ९६० अँपिअर-वेढे. फट नसेल तर एवढ्यात सीआरजीओ १.८ टेस्लापाशी जाऊन बसतं. तिथून वर चढायला जागाच नाही. इंडक्टन्स कोसळतं, खर्ज जातो, आवाज फाटतो. निकेल घातलंत तर त्याहून आधी भरेल.

एकूण ०.२५ मिमी फट ठेवलीत तर डीसीचे ०.७ टेस्ला उरतात. ५ वॅटला ४० हर्ट्झवर एसीचे आणखी साधारण ०.४५. दोन्ही मिळून १.२ च्या आत. सीआरजीओ हे सहज पेलतं. इंडक्टन्स २० ते २५ हेन्री राहील, ईएल८४ पेंटोड जोडणीत असेल तर ३० ते ३५ हर्ट्झपर्यंत खर्ज मिळायला तेवढं पुरतं.

सूक्ष्मस्वर
फट मान्य. पण फट ठेवूनही निकेल निकेलच राहतं. परमिअबिलिटी (चुंबकत्वाला वाट देण्याची क्षमता) किती तरी पट जास्त असते.

तांब्याची तार
ती परमिअबिलिटी फटच खाऊन टाकते. पाव मिमी हवेपुढे पत्र्याची १५ सेंमी वाट किरकोळ ठरते, मग परमिअबिलिटी पाच हजार असो की पन्नास हजार. पुश-पुलमध्ये फट नसते, तिथे तुमचं म्हणणं मी ऐकून घेईन.

सूक्ष्मस्वर
कान गणितावर चालत नाहीत.

तांब्याची तार
सॅच्युरेशन चालतं.
ध्वनिवेडा, एक गोष्ट लक्षात ठेवा: ईआय कोअरमध्ये चुंबकीय वाट फटीतून दोनदा जाते. एकूण ०.२५ हवी असेल तर कागद ०.१२ चा घालायचा. सगळे ई एका बाजूने, सगळे आय दुसऱ्या बाजूने, मधे कागद. आणि पट्टीची जाडी मोजा. स्टॅबिलायझरमधली ०.५० ची असेल तर ती बहुधा सीआरजीओ नाहीच. ०.३५ किंवा त्याहून पातळ हवी.

घरगुती
उघडण्याआधी पुरवठा बंद करून मोठे कपॅसिटर रेझिस्टरने रिकामे करा आणि मीटरने तपासा. आणि स्पीकर न जोडता अँप चालवू नका, प्रायमरीवर व्होल्टेज उसळून इन्सुलेशन जळतं.

ध्वनिवेडा
काल रात्री डावा उघडला. काका, तुमचं खरं ठरलं. एका आड एक, दोन्ही बाजूंनी. पट्टी ०.३५ ची निघाली. व्हार्निश होतं, केसांच्या ड्रायरने तापवून पातळ सुरीने एकेक सोडवली, तीन वाकल्या म्हणून फेकल्या. सगळे ई एकीकडे घेतले, ०.१२ चा लेदरॉइड कागद घातला, कसून बांधलं. मीटर आता २१ हेन्री दाखवतो.

उजवा मुद्दाम तसाच ठेवला आणि एकच रेकॉर्डिंग आलटून पालटून दोन्हीवर लावलं. डाव्यात डग्ग्याची मींड आहे. हात मैदानावरून शाईकडे सरकतो ते कळतंय. उजव्यात तीच टपटप. आई स्वयंपाकघरातून विचारायला आली, हे कोण वाजवतंय.

विक्रेत्याला नको म्हणून कळवलं. एवढे दिवस वाइंडरला मनातल्या मनात दोष देत होतो, पण सिंगल एंडेड आहे हे मी त्यालाही सांगितलं नव्हतं. आता एकच अडचण: मोठ्या आवाजात डावा ट्रान्सफॉर्मर स्वतःच बारीक गुणगुणतो.

तांब्याची तार
फटीजवळच्या पट्ट्या थरथरतात. चौकट आणखी आवळा आणि पुन्हा व्हार्निश करा, पण आधी उजवाही उघडून दोन्हींचं इंडक्टन्स जुळवा. व्हार्निश वाळल्यावर कागद बदलता येत नाही.

इसारकाठ
उजव्याचा आकडा इथे नक्की टाका.