मदत हवी आहे: बेळगावच्या हवेत कॉर्न स्नेकची हिवाळी झोप कशी साधायची?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे कॉर्न स्नेकची जोडी आहे. दोन्ही बंदिवासात जन्मलेले, पावतीसह घेतलेले. (आपले धामण, नाग, घोणस घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे कृपया तो विषय नको.) यंदा पिल्लं घ्यायचा विचार आहे. मादी तीन वर्षांची झाली, वजन ३४० ग्रॅम. त्याआधी हिवाळ्यात दोघांना थंड झोप द्यावी असं सगळीकडे वाचतो: १० ते १५ अंश, आठ-दहा आठवडे.

अडचण इथंच आहे. आम्ही शहापुरात राहतो, जुनं कौलारू घर. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात खरं, पण तो गारवा रात्रीचा. मागच्या बाजूच्या बंद खोलीत किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर लावलाय. पहाटे १७, दुपारी २६. म्हणजे साप रात्री गारठणार आणि दुपारी पुन्हा जागे होणार. पोटात काही नाही, तरी हिंडत राहणार. अशाने अंगावरची चरबी उगाच जळेल अशी मला भीती वाटते.

नराने तर दिवाळीपासूनच खाणं सोडलंय. उंदीर वितळवून, कोमट करून चिमट्याने समोर धरला की जीभ दोन-तीनदा बाहेर काढतो आणि मान वळवून काचेच्या कडेने निघून जातो. संध्याकाळी तेच, नाकाचं टोक काचेवर घासून गुलाबी झालंय. वजन मात्र टिकून आहे. आजी रोज म्हणते, "जनावराला थंडी वाजूलालीय की रे, दिवा लाव." तिला काय सांगू, मला त्याला आणखी गार करायचंय!

डोक्यात दोन वाटा आहेत. एक, जांबोटीला मामांकडे नेऊन ठेवणं. तिथं जंगलाला लागून घर, रात्री इथल्यापेक्षा गार. पण दुपारचं ऊन तिथंही आहेच आणि मामी सापांच्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत, मग पाणी कोण बदलणार? दुसरी वाट म्हणजे जुना फ्रीज, बाहेरून तापमान नियंत्रक जोडून १३ अंशांवर ठेवायचा. त्यात हवा पुरेल का? लाईट गेली तर? आणि मुळात अर्धवट गारवा देण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं का? ज्यांनी आपल्याकडच्या हवेत हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद, निपाणीहून:

दादा, जांबोटीचा विचार सोडा. दिवसाची उष्णता कमी होत नाही तोवर जागा बदलून उपयोग नाही. तुमची शंका बरोबर आहे, २० च्या जरा वर साप धड झोपत नाही आणि अन्नही नीट पचवत नाही. म्हणून एक तर पूर्ण करा, नाही तर नेहमीच्या उबेत ठेवून खायला घालत राहा. कॉर्न स्नेक न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत सापडतो. फ्लोरिडातला हिवाळा सौम्यच, त्यामुळे थंड झोपेशिवायही बऱ्याच जोड्या अंडी देतात. नराचं खाणं सोडणं या दिवसांत नेहमीचंच आहे, घाबरू नका.

फ्रीज करायचाच तर आधी शेवटच्या जेवणानंतर दोन आठवडे नेहमीची ऊब चालू ठेवा. पोट पूर्ण रिकामं झालं पाहिजे. थंडीत पचन थांबतं, आत राहिलेलं अन्न सडतं आणि साप दगावतो. मग आठवडाभरात हळूहळू खाली आणा. नियंत्रकाचा सेन्सर सापाच्या डब्यात ठेवा, फ्रीजच्या भिंतीला नको. डबे भोकाचे, वेगवेगळे, पाण्याची वाटी कायम भरलेली. रोज एकदा दार उघडून हवा बदलली तर दोन सापांना पुरते. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, लाईट गेली तरी काही तास तापमान फारसं हलत नाही. दर पंधरवड्याला वजन करा. दहा टक्क्यांहून जास्त घटलं, किंवा तोंडाशी फेस, तोंड उघडून श्वास दिसला तर झोप मोडून हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टर गाठा.

बॉल पायथनवर हा प्रयोग कुणी करू नये. तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या उष्ण भागातला, इतक्या थंडीत त्याला न्यूमोनिया होतो.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार, काका. मग फ्रीजच करतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आत ठेवून फेब्रुवारीच्या मध्याला बाहेर काढेन, त्यानंतर इथं ऊन चढायला लागतं. आता एकच राहिलं. आमच्याकडचे डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघतात. बेळगाव, कोल्हापूर किंवा गोव्यात सापांची विष्ठा तपासून जंत आहेत का सांगणारं कुणी असेल तर कळवा. तो अहवाल आल्याशिवाय मी दोघांना थंडीत ठेवणार नाही.